वाचक विचारतात: पहिला म्युझिक व्हिडीओ कुणाचा, आणि आपला कसा करायचा?

प्रश्न: राम राम भाऊ. माझ्यात आणि मोठ्या भावात शेवभाजीची पैज लागलीय. तो म्हणतो जगातला पहिला म्युझिक व्हिडीओ मायकल जॅक्सनचा थ्रिलर, मी म्हणतो एमटीव्हीवर सगळ्यात आधी लागलेलं ते रेडिओ स्टारवालं गाणं. खरं कोण?
(एक वाचक, पारोळा)

उत्तर: भाऊ, शेवभाजी दोघांनी अर्धी अर्धी भरा, कारण दोघंही बरेच उशिराच्या स्टेशनावर चढलेत.

तुमचं उत्तर जरा जवळचं आहे एवढं खरं. एमटीव्ही अमेरिकेत सुरू झालं 1 ऑगस्ट 1981 ला, रात्री बारा वाजून एक मिनिटाने, आणि पहिलं गाणं लागलं द बगल्सचं 'व्हिडीओ किल्ड द रेडिओ स्टार'. पण तो व्हिडीओ 1979 चाच होता, म्हणजे चॅनलच्या आधी व्हिडीओ होतेच ना, नाहीतर त्यांनी दाखवलं काय असतं? थ्रिलर तर डिसेंबर 1983 चा. जवळपास 14 मिनिटांचा, जॉन लँडिस या सिनेमावाल्या दिग्दर्शकाने केलेला. त्याने व्हिडीओला छोट्या सिनेमाची उंची दिली हे शंभर टक्के मान्य, पण पहिला नाही.

मागे जायचं तर 1940 पर्यंत जा. तेव्हा अमेरिकेत हॉटेलात, बारमध्ये पॅनोरम नावाचं कपाटाएवढं मशीन असायचं, त्यात दहा सेंटचं नाणं टाकलं की समोरच्या काचेवर तीनेक मिनिटांची गाण्याची फिल्म दिसायची. या फिल्मांना साउंडीज म्हणायचे. आत 16 मिलिमीटरच्या रिळावर आठ गाणी एकामागे एक जोडलेली, आणि आपल्याला निवडता यायचं नाही, जे पुढचं असेल ते बघायचं, आवडीचं हवं तर परत नाणं टाका, परत टाका. ड्यूक एलिंग्टन, लुई आर्मस्ट्राँग, फॅट्स वॉलर असे मोठमोठे कलाकार त्यात आहेत. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण ज्या गावात एलिंग्टनचा बँड कधी येणारच नाही तिथल्या माणसाला तो एका नाण्यात वाजवताना दिसत होता. पुढे 1960 च्या आसपास फ्रान्समध्ये स्कोपिटोन आलं, ते रंगीत होतं आणि 36 गाण्यांतून निवडताही यायचं.

माझं म्हणणं एवढंच की जिथे गायकाला पोचता येत नाही तिथे गाणं पाठवायला व्हिडीओ जन्मला. बीटल्सचंच बघा ना, 1966 ला 'पेपरबॅक रायटर' आणि 'रेन'च्या फिल्म शूट केल्या आणि टीव्हीवाल्यांना पाठवून दिल्या, म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाला स्वतः जायला नको. 1975 ला क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', जवळपास सहा मिनिटांचं गाणं, बँड दौऱ्यावर निघालेला, टीव्हीच्या कार्यक्रमात उभं राहून ते गाणं करणंही अवघड, मग काही तासांत व्हिडीओ उरकला. त्यातले ते एकाचे अनेक होणारे चेहरे लेन्ससमोर प्रिझम धरून केलेत, आणि लांबवर विरत जाणाऱ्या चेहऱ्यासाठी कॅमेरा चक्क त्याचंच चित्र दाखवणाऱ्या मॉनिटरकडे वळवला. कॉम्प्युटर नव्हता, डोकं होतं.

प्रश्न: आम्ही लहानपणापासून चित्रहार बघत आलो. मग तेही म्युझिक व्हिडीओच की! फरक काय?
(एक वाचक ताई, धुळे)

उत्तर: ताई, फरक मालकीचा आहे. चित्रहार, छायागीत यातली गाणी सिनेमाची. नायिका झाडाखाली का रडतेय ते सिनेमा बघितल्याशिवाय कळत नाही. आलम आरा 1931 ला आला तेव्हापासून आपल्याकडे गाणं आणि चित्र जोडीनंच आहेत, म्हणून आपल्याला वेगळ्या व्हिडीओची भूक जरा उशिरा लागली असं मला वाटतं. म्युझिक व्हिडीओत गाणं स्वतःच घरमालक असतं.

आपल्याकडे ते खरं पसरलं नव्वदच्या दशकात, केबलवर चॅनल व्ही आणि एमटीव्ही आल्यावर. अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' 1995, लकी अलीचं 'ओ सनम' 1996, त्यातलं ते इजिप्तचं वाळवंट आणि पिरॅमिड! आमच्या गल्लीत एकाच घरी केबल होती आणि आम्ही सात-आठ पोरं दारात चपला काढून भिंतीला टेकून बसायचो. 'ओ सनम' लागलं आणि लाईट गेली की पोटात खड्डा पडायचा, कारण ते परत कधी लागेल काही भरवसा नाही, आजच्यासारखं बोटाने मागे घेता येत नव्हतं. म्हणून ती गाणी डोळ्यांना इतकी पाठ आहेत. मराठीत 'ऐका दाजिबा'ने 2002 च्या सुमारास तशीच धमाल केली, हळदीत अजून वाजतं.

प्रश्न: आम्ही चार मित्र यावल तालुक्यातले. अहिराणी गाणं रेकॉर्ड झालंय, गानं भारी शे. आता केळीच्या बागेत मोबाईलवर शूट करायचंय. बजेट नाही. ओठ जुळत नाहीत, आणि स्लो मोशन केलं की तर पूर्णच बिघडतं. काय करू?
(एक तरुण वाचक)

उत्तर: बजेटचं टेन्शन आधी सोडा. ओके गो नावाच्या अमेरिकन बँडने 2006 ला आठ ट्रेडमिल मांडल्या, कॅमेरा एका जागी ठेवला, एकही कट न मारता नाचले, आणि त्याला ग्रॅमी मिळालं. दलेर मेहंदीच्या 'तुणक तुणक'मध्ये तर (1998) दुसरं कुणीच नाही, वेगवेगळ्या कपड्यातले चार दलेर आणि मागे कॉम्प्युटरवर बनवलेले डोंगर, आणि जगभर गेलं. आपल्याकडचं 'हाई झुमका वाली पोर' घ्या, ज्यांना अहिराणीचा अ माहीत नाही असे लोक त्यावर नाचले. भाषा अडवत नाही रे.

आता ओठांचं. शूटला गाणं स्पीकरवर मोठ्याने लावा, स्पीकर कलाकाराजवळ ठेवा, आणि कलाकाराला सांगा की खरंच गा, घसा ताणून गा. नुसते ओठ हलवले की मानेच्या शिरा हलत नाहीत, छाती हलत नाही आणि बघणाऱ्याला ते लगेच खोटं वाटतं. मोबाईलचा आवाज रेकॉर्ड होऊ द्या, तो शेवटी वापरायचा नाही पण एडिटला तोच कामी येतो, सुरुवातीला एक टाळी वाजवा आणि ती टाळी बघून मूळ गाणं बरोबर बसवा.

स्लो मोशनची गंमत अशी की गाणं शूटच्या वेळी दुप्पट वेगाने वाजवायचं. कलाकाराने त्या पळत्या गाण्यावर भराभर गायचं, मोबाईलचा कॅमेरा सेकंदाला 60 फ्रेमवर (म्हणजे 60 चित्रं) ठेवा, मग एडिटला ते 30 वर चालवा, म्हणजे चित्र निम्म्या वेगाचं झालं आणि ओठ मूळ गाण्यावर बसले. केळीची पानं संथ हलतील, ओढणी संथ उडेल आणि पोरगी मात्र तालात गाताना दिसेल. दुप्पट वेगाला गायची आदल्या दिवशी घरी प्रॅक्टिस करा, शेतात पहिल्यांदा केलं तर जीभ अडखळते. आणि शूट सकाळी साडेसात-आठच्या आत किंवा ऊन कलल्यावर, दुपारी आपल्या जळगाव जिल्ह्याचं ऊन तुम्हाला मी काय सांगू, चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात आणि मोबाईलही तापून बंद होतो.

एक विनंती. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हणायची गाणी घेणार असाल तर ती परंपरेची आहेत, कुणा एकाची नाहीत, पण दुसऱ्याने रेकॉर्ड केलेला ट्रॅक उचलू नका, तो त्याचा असतो. आणि ज्या आजीकडून गाणं ऐकलं तिचं नाव, गाव, तिला विचारून, व्हिडीओच्या खाली लिहाच, गायिका, ढोलकीवाला, कॅमेरा धरणारा मित्र सगळ्यांचं लिहा. आमच्याकडे अहिराणीच्या जुन्या व्हीसीडी पडून आहेत, त्यातली ढोलकी ऐकली की अंगावर काटा येतो, आणि वाजवलीय कुणी ते कव्हरवर कुठेच नाही, मी अजून शोधतोय.

व्हिडीओ झाला की लिंक पाठवा, आजीचा एक फोटोही पाठवा, पुढच्या अंकात लावू.