सोलापुरी चादर शुद्ध सुती आहे की मिसळीची, हे घरी कसं ओळखायचं?

कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा काढून दोन्ही वेगवेगळे जाळा. एकच तपासलात तर फसाल. मिसळ एकाच दिशेच्या धाग्यातही असू शकते. सूत जळताना कागदासारखा वास येतो, राख बोटाने चुरडते. पॉलिस्टर आक्रसून वितळतं आणि टोकाला कडक मणी उरतो. धागा चिमट्यात धरा, वितळलेला थेंब चटका देतो.

मग नक्षी विणलेली आहे की छापलेली, हे पाहायला चादर उलटी करा. सोलापुरी चादरीच्या जॅकार्ड विणीत, म्हणजे मागावरच नक्षी विणण्याच्या तंत्रात, नक्षी दोन्ही बाजूंना, फक्त रंगांची अदलाबदल होऊन दिसते. मागची बाजू फिकट असेल तर ती छपाई. छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारं हे तंत्र 1804चं, फ्रान्समधलं; सोलापुरात ते तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या हातात फुललं.