जर्मनीला नर्स म्हणून यायचंय, पण हिंमत होत नाही: लातूरच्या एका सिस्टरला उत्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय ३४, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), खासगी हॉस्पिटलात ११ वर्षं, पगार २२ हजार, मुलगी सात वर्षांची, जर्मनचं ए-टू झालेलं (भाषेच्या पातळ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात). तीन वर्षं जर्मनीचा विचार मनात आहे आणि घरचे म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस. शेवटी तू विचारलंस की नोकरी सोडून पूर्णवेळ बी-टू करू का, आणि ताई, तू हिंमत कुठून आणलीस? ताई म्हणालीस, म्हणून मीही अगंतुगंच करते.

आधी नोकरीचं सांगते. सोडू नकोस. हातात करार आणि पासपोर्टवर व्हिसा येईपर्यंत तर मुळीच नाही.

मी सोडली होती. मी मिरजेची, पुण्यात आयसीयूत दहा वर्षं काढली. २०१९ मध्ये ए-टू पास झाले आणि त्याच महिन्यात राजीनामा दिला, कारण सगळे सांगत होते की धाडस करायचं तर पूर्ण करावं. एका एजंटाला १ लाख ८० हजार भरले. पगार बंद, पैसे अडकलेले, त्यामुळे त्याने पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर मी सही करत गेले. त्यातला एक तीन वर्षांचा बाँड होता, मधे सोडलं तर सगळा खर्च माझ्याकडून वसूल. तो मी नीट वाचलाही नाही. सहा महिन्यांत त्याचं ऑफिस बंद झालं, मग कोरोना आला, आणि मी दुसऱ्या हॉस्पिटलात तीन हजार कमी पगारावर पुन्हा रुजू झाले. परतीची वाट बंद करून निघालेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे मी तेव्हा शिकले. तू त्या जागी जाऊ नयेस असं मला फार मनापासून वाटतं.

दुसऱ्या वेळी मी आणि नवऱ्याने एक वही केली. पहिल्या पानावर बी-वन: किती पैसे, किती महिने, नापास झाले तर काय गेलं. उत्तर आलं, फीचे पैसे आणि सात महिन्यांच्या संध्याकाळी. एवढं गेलं तर घर कोसळत नाही, म्हणून सुरू केलं. बी-टूचं पान बी-वनचा निकाल लागल्यावरच उघडलं. बी-टूला वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं असे चार भाग असतात, गोएथे या जर्मन भाषासंस्थेच्या परीक्षेत प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात आणि राहिलेला भाग वेगळा देता येतो. माझं लेखन पहिल्यांदा राहिलं. नाईट संपवून सकाळी पेपरला बसले होते, हे त्याचं खरं कारण. परीक्षेच्या आधी निदान चार दिवस रजा घे, ती आत्ताच मॅट्रनकडे सांगून ठेव.

हिंमतीचं विचारशील तर विमानात बसले तेव्हाही ती नव्हती. माझ्याकडे तीन गोष्टी होत्या. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नूतनीकरण करून जिवंत ठेवलेली होती. मॅट्रन म्हणाल्या होत्या, वर्षभरात परत आलीस तर तुझ्यासाठी जागा आहे. आणि परतीच्या तिकिटाएवढी एफडी होती, जिला कोणी हात लावायचा नाही असं घरात ठरलं होतं. या तीन गोष्टींमुळे पाय उचलला. बाकी पोटात गोळा होताच, आणि तो असतानाच मी निघाले.

आता एजंटाचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि जर्मनीचं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाल्यापासून गल्लोगल्ली जर्मनीचे बोर्ड लागलेत. कोणाच्याही दारात जाण्याआधी दोन गोष्टी बघ. इकडे ‘फेअर भरती’चं एक सरकारी मानचिन्ह आहे, ‘फाइर आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड’. ते ज्या संस्थेकडे आहे, तिला नर्सकडून भरतीचे पैसे घेता येत नाहीत, खर्च हॉस्पिटलने करायचा असतो. आणि आपल्याकडचा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत आहे का ते पाहा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. लाखांत आकडा ऐकलास की चहा पिऊन उठून ये. कराराचा मसुदा जर्मन आणि इंग्रजी दोन्हींत माग, घरी आण, आणि परतफेडीचं कलम पहिलं शोध.

पण तू विचारलं नाहीस ते मला जास्त सांगायचं आहे. इथे आल्यावरचे पहिले महिने.

आपलं जीएनएम आणि ११ वर्षांचा अनुभव इथे आपोआप चालत नाही. कागदपत्रं शासकीय कार्यालयात जातात (आमच्याकडे ते श्टुटगार्टचं रेगीरुंग्सप्रेझिडियुम), आणि तुझ्या शिक्षणात काय कमी आहे याचं पत्र येतं, त्याला डेफिट्सिटबेशाइड म्हणतात. ती कमतरता भरायला दोन वाटा: काही महिन्यांचं प्रशिक्षण, नाहीतर केन्टनिसप्र्यूफुंग ही तोंडी आणि प्रत्यक्ष कामाची परीक्षा. ती पार पडून मान्यता मिळेपर्यंत तू नर्स नसतेस, मदतनीस असतेस. पगारही मदतनिसाचा. मी फेब्रुवारी २०२२ मध्ये आले तेव्हा कागदावर २,५०० युरो होते. कर, आरोग्यविमा, पेन्शन, बेरोजगारी आणि शुश्रूषाविमा कापून हातात १,७५० च्या आसपास यायचे. हॉस्पिटलच्या वसतिगृहातल्या खोलीचे ४८० त्यातून. प्रत्येक युरोचे गुणून रुपये करायची सवय असेल तर ती आत्ताच सोड, कारण खर्चही युरोतच होतो.

पैशांपेक्षा जड गेलं ते काम. आपल्याकडे पेशंटला पुसून घेणं, बेडपॅन, भरवणं हे मावशी, मामा नाहीतर नातेवाईक करतात. सिस्टर इंट्राकॅथ (सलाइनसाठी शिरेतली नळी) लावते, औषधं देते, राउंड घेते. इथे अंघोळ घालणं, दात घासणं, कूस बदलणं हाच शुश्रूषेचा पाया मानतात आणि वरिष्ठ नर्सही ते करते. आणि आमच्या वॉर्डात इंट्राकॅथ लावायला डॉक्टर येतात. व्हेंटिलेटर सांभाळणारे माझे हात पहिले आठ महिने मुख्यतः पाण्याचं भांडं आणि टॉवेल धरत होते. तिसऱ्या आठवड्यात एका ८४ वर्षांच्या आजोबांची पाठ पुसताना मला रडू आलं. त्यांनी वळून काहीतरी विचारलं, तेही कळलं नाही, कारण ते श्वेबिश, म्हणजे इथली बोली, बोलत होते. बी-टूची जर्मन ही पुस्तकी जर्मन. खेड्यातून आलेली इथली म्हातारी माणसं जे बोलतात, ते पुण्यात मराठी शिकून मालवणात जाण्यासारखं आहे.

वॉर्डातला फोन वाजला की मी लिनन आणायला जायचे. चेहरा नाही, हातवारे नाहीत, पलीकडून भराभर बोलणारा लॅबवाला. एका सहकारी बाईंच्या हे लक्षात आलं. त्यांनी फोनशेजारी एक कागद चिकटवला, त्यावर चार वाक्यं: मी इथे नवीन आहे, कृपया सावकाश बोला, नाव आणि खोली क्रमांक सांगा, मी परत वाचून दाखवते. त्या दिवसापासून फोन मी उचलायचा असं त्यांनी ठरवून टाकलं. दीड महिन्यात भीती गेली. आणि हेही खरं की त्याच काळात रोज सकाळी पाठ पुसता पुसता मी बेडसोअर (पडून राहिल्याने होणारी जखम) सुरू होण्याआधीची लाली ओळखायला शिकले, जी मला आयसीयूत मावशींकडून ऐकायला मिळायची. नोव्हेंबरमध्ये परीक्षा पास झाले आणि बिल्ल्यावर ‘फ्लेगेफाखफ्राऊ’, म्हणजे मान्यताप्राप्त नर्स, असं आलं.

तर तुझी खरी परीक्षा विमानतळावर नाही, या आठ-दहा महिन्यांत आहे. ११ वर्षांची सिनिअर सिस्टर पुन्हा सगळ्यांत खाली उभी राहू शकते का, हे स्वतःला विचार. उत्तर नाही आलं तर लातूरला राहण्यात कमीपणा काही नाही. पण मग ‘हिंमत नव्हती’ असं स्वतःला म्हणू नकोस. तो पूर्ण विचार करून घेतलेला निर्णय असेल.

मुलीबद्दल. माझा मुलगा पाच वर्षांचा होता, चौदा महिने आईजवळ कवठेमहांकाळला राहिला. मान्यता मिळून पगार वाढला, दोन खोल्यांचं घर मिळालं (श्टुटगार्टच्या बाजूला घर शोधणं नोकरी शोधण्यापेक्षा अवघड आहे), मग २०२३ च्या एप्रिलमध्ये तो आणि त्याचे बाबा आले. पहिले चार दिवस तो माझ्याजवळ झोपला नाही, बाबांना धरून होता. ते दुःख भरून निघतं, पण होतंच, आणि तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. मुलीला ‘लवकर येते’ म्हणू नकोस. कॅलेंडर दे, रोज एक खूण करू दे. रोजचा फोन एकाच वेळी कर. आपल्यात हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, तिच्या झोपायच्या वेळेला तुझी दुपार उलटत असते. आणि नवऱ्याशी बोलताना तो ‘जा’ म्हणतो का एवढंच पाहू नकोस. मुलीला ताप आला तर रात्री कोण उठणार, हे नावानिशी ठरव.

सध्या एवढंच कर: संध्याकाळचा बी-वनचा वर्ग, आणि पुण्याच्या माक्स म्युलर भवनची (गोएथेची इथली शाखा) परीक्षेची तारीख. निकाल लागला की मला कळव. जर्मनमधला बायोडेटा आपल्यापेक्षा वेगळा असतो, शाळेपासून आजपर्यंत प्रत्येक महिन्याचा हिशोब लागतो, बाळंतपणाच्या रजेचासुद्धा. तो तू लिहून पाठव, मी बसून तपासून देते.