तो बोटीवर, तिघं तुझ्यापाशी

चि. सौ. …,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप रात्री साडेबाराला आलेला दिसला, त्यावरूनच कळलं की धाकटा अजून झोपू देत नाहीये. "काकी, तुम्ही तिघांना एकटीने कसं हो वाढवलंत?" एवढंच विचारलंस. फोनवर सांगायला बसले तर तुझ्याकडे कुणीतरी रडायला लागेल आणि बोलणं अर्धंच राहील, म्हणून लिहितेय. एका बैठकीत वाचून होणार नाही, मला ठाऊक आहे. पाजताना वाच.

सगळ्यात आधी एक सांगते. घर नवऱ्याच्या येण्यावर टांगून ठेवू नकोस. आपल्याकडे बोटीवाल्यांच्या, म्हणजे मोठ्या जहाजांवर नोकरीला जाणाऱ्यांच्या, घरांत ही खोड जुनी आहे. पडवीची कौलं कधी बदलायची? ते आल्यावर. थोरलीला कुठल्या शाळेत घालायचं? ते आल्यावर. दाढ दुखतेय, डॉक्टरकडे कधी जाणार? तेही आल्यावरच! मग तो येतो आणि त्याची सुट्टी तलाठी, बँक आणि सिमेंटच्या गोण्यांत संपते. पोरं म्हणतात, बाबा आले होते पण दिसले नाहीत. वर्षातले आठ-नऊ महिने त्या घरात तू आहेस, तेव्हा शाळा, कौलं, डॉक्टर हे तूच ठरवायचं. त्याला कळवायचं, त्याचं मत विचारायचं, पण त्याच्यासाठी अडून राहायचं नाही.

हे नुसतं मनाने ठरवून भागत नाही, हातात कागद लागतात. त्याच्या पासपोर्टची, सीडीसीची (ते खलाशाचं नोंदपुस्तक) आणि करारपत्राची झेरॉक्स तुझ्याकडे आहे ना? करारात जवळची व्यक्ती म्हणून तुझं नाव आणि तुझा चालू मोबाइल नंबर लिहिलाय ना? पुष्कळांच्या कागदांवर लग्नाआधीचा वडिलांचा नंबरच राहून गेलेला असतो. मॅनिंग एजंटच्या, म्हणजे बोटीवर माणसं भरणाऱ्या एजंटच्या, ऑफिसचा नंबर फोनमध्येही ठेव आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिही. एजंटकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याचा, आरपीएसएल हा खलाशी भरतीचा परवाना आहे का, तेही एकदा बघून घे. बिनपरवान्याच्या एजंटांनी आपल्या किनाऱ्यावरची बरीच पोरं अडकवलीत.

बँकेचं जरा नीट समजून घे. त्याचं एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, खातं असेल तर तिथे तुझं नाव 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असंच लागतं. म्हणजे पासबुकावर नाव असलं तरी तो असेपर्यंत तुला त्यातून परस्पर पैसे काढता येत नाहीत. त्यासाठी त्याने तुला दिलेलं बँकेचं मँडेट, म्हणजे खातं चालवायचं अधिकारपत्र, किंवा मुखत्यारपत्र लागतं. हे तो पुढच्या बोटीवर चढायच्या आधी करा. परदेशातून करायचं म्हटलं तर वकिलातीत किंवा नोटरीकडे जावं लागतं, आणि बोट बंदरात असते जेमतेम एक-दोन दिवस. तोवर तुझ्या एकटीच्या नावावरच्या साध्या खात्यात दरमहा अलॉटमेंट, म्हणजे पगारातला घरी पाठवायचा वाटा, येऊ दे. आणि आलेली सगळी खर्चू नकोस. आपली माणसं करारावर. बोटीवरून उतरला की पगार बंद, आणि पुढची बोट दोन महिन्यांनी मिळेल की पाच, ते कुणी सांगू शकत नाही. ते घरी बसायचे महिने याच पैशांतून निघायचे असतात.

हे गावाला कळत नाही. "नवरा बोटीवर, हिला काय कमी!" असं म्हणत लोक उसने मागायला येतील, त्यात सख्खेही असतील. तेवढ्या एका बाबतीत मात्र खुशाल म्हण, "ते आल्यावर बघू."

आता संध्याकाळ. एकटीचे खरे हाल होतात ते साडेपाच ते नऊ. सकाळी अंगात जोर असतो, दुपारी एखादं तरी झोपलेलं असतं. दिवेलागणीला तिघंही एकदम भुकेली, पेंगुळलेली, चिडलेली, आणि नेमके तेव्हाच लाइट जातात. मी काय करायची सांगते. चार वाजताच कुकर लावून ठेवायची. मऊ भात, वर मुगाचं वरण, तूप, मेतकूट. भाजी झाली तर झाली. साडेपाचला दोघा मोठ्यांना एकदम न्हाणीत घालायचं, धाकट्याला टॉवेलात गुंडाळून दाराशी पाटावर, डोळ्यासमोर. साडेसहाला जेवण. हो, साडेसहाला. सासूबाई म्हणतील, ही काय जेवायची वेळ? म्हणू देत. आठला भूक लागली म्हणाले तर केळं आहेच. पोरं पेंगायच्या आत जेवली तर भरवताना तुला तीन वेळा उठावं लागत नाही, आणि ताटातलं जमिनीवर कमी सांडतं. मोठ्यांचं जेवण, भांडी, उद्याचे कपडे, सगळं नंतर. ओटीवर खेळणी पसरलेली राहिली तर राहू देत. पाहुण्यांना घर दाखवायला तुला वेळ कुठे आहे?

धाकटे दोघं झोपले की पंधरा-वीस मिनिटं थोरलीची. फोन लांब ठेव. तिने काहीही बोलावं, शाळेतलं, मांजराचं, उगाचचं. साडेपाच वर्षांची आहे गं ती! दिवसभर तिला "डायपर आण", "बाळाकडे बघ", "आवाज करू नकोस" एवढंच ऐकू येतं. आपल्याकडे अशा मुलीचं कौतुक होतं, "किती शहाणी, आईला केवढी मदत करते". त्या कौतुकाला भुलू नकोस. एखादं काम सांग, ते झाल्यावर खेळायला सोड. भावंडांची जबाबदारी तिच्यावर टाकू नकोस. आणि मधल्याला कुणी "आता तूच घरातला पुरुष" म्हटलं तर तिथल्या तिथे थांबव. तीन वर्षांचा आहे, त्याला अजून चड्डी सरळ घालता येत नाही!

आजारपणाची भीती तुझ्या निरोपात लिहिलेली नव्हती, पण असणारच. रात्री दीडला ताप चढला की डोकं चालत नाही, म्हणून तयारी दिवसा करायची. तिघांची वजनं दर दोन महिन्यांनी एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटव. डॉक्टर फोनवर पहिलं वजनच विचारतात. तापाच्या औषधाच्या बाबतीत फार सांभाळ. पॅरासिटामॉलचे बाळाचे थेंब आणि मोठ्या पोरांचं सिरप यांची ताकद वेगळी असते. थेंबांच्या १ मिलीत साधारण १०० मिलिग्रॅम औषध असतं, सिरपच्या पूर्ण ५ मिलीत १२० किंवा २५०. म्हणजे थेंबांची बाटली चमच्याने दिली तर भलतंच होईल. बाटल्या वेगवेगळ्या डब्यांत ठेव आणि कुणाला किती ते डॉक्टरांकडून लिहून आण. जुलाबावर ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्ध्या पेल्यात अर्धं पाकीट असला अंदाज नको. चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाक.

आपल्याकडे विंचू आणि फुरसंही आहेच. विंचू चावल्यावर मूल नुसतं दुखतंय म्हणून रडत असेल ते वेगळं. पण अंगाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, असं दिसलं तर एक मिनिट घालवू नकोस. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन नावाच्या साध्या गोळीने कोकणात असे किती जीव वाचवले, हे आता जगाला माहीत आहे. पण ती गोळी वेळेत पोटात जायला हवी. मंत्र, आवळून बांधणं, कापणं, काही नको. सर्पदंशाची लस तुझ्या जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात असते, ते आजच आशाताईंना विचार. १०८ चा फोन सासूबाईंनाही लावता यायला हवा. आणि रिक्षावाल्यांतला एक ठरवून ठेव, जो मध्यरात्री हाक मारली तर येईल. उरलेल्या दोघांना त्या वेळी कोण घेईल? शेजारचं एक घर ठरवून, तिथे आधी स्पष्ट बोलून ठेव. ऐनवेळी दार वाजवायला संकोच वाटतो.

फोनचं बोलू. आमच्या वेळी पुढच्या बंदराच्या एजंटच्या पत्त्यावर पत्र टाकायचं आणि ते बोटीच्या आधी पोचावं म्हणून देव पाण्यात ठेवायचे. आता बोटीवर इंटरनेट आहे, हे सुखच. पण रोज व्हिडिओ कॉल झालाच पाहिजे असं ठरवलंस तर ते तुझ्या गळ्याशी येईल. त्याची वॉच, म्हणजे कामाची पाळी, कुठली ते विचारून घे. बारा-चारला असेल तर रात्री बारा ते चार आणि दुपारी बारा ते चार तो कामावर, त्याची झोप तुकड्यांत. त्यात बोट ह्यूस्टनला असली की हिवाळ्यात आपण साडेअकरा तास पुढे. त्याला सवड मिळते तेव्हा तुझ्याकडे नेमकी ती साडेसहाची जेवणं चाललेली. मग तो तिकडून म्हणतो, "अगं, तो रडतोय का? दे त्याला काहीतरी." तुझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि त्याचं तरी काय चुकलं?

त्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीन ठरलेले कॉल बरे. बाकी दिवस त्याला गोष्टी रेकॉर्ड करून पाठवायला सांग. पाच मिनिटांची, बोटीवरचीच. आज कुठला पक्षी डेकवर बसला, खानसाम्याने काय करपवलं. पोरं तीच गोष्ट वीस वेळा ऐकतात आणि झोपताना बाबाचा आवाज कानात राहतो. मधला कॅमेऱ्यासमोर बोलत नाही म्हणून तो हिरमुसला असेल तर त्याला सांग, तीन वर्षांची पोरं फोनवर बोलत नाहीत, फोन चाटतात.

पोरांना यायची तारीख मात्र सांगू नकोस. साइन ऑफची, म्हणजे बोटीवरून उतरायची, तारीख ही बोटीवाल्याच्या घरातली सगळ्यात खोटी गोष्ट. रिलीव्हर, म्हणजे त्याच्या जागी येणारा माणूस, आला नाही, बंदर बदललं, व्हिसा अडला, की गेले तीन आठवडे. २००६ चा सागरी कामगार करार भारताने २०१५ मध्ये मान्य केलाय. त्यानुसार सलग बारा महिने कुणाला बोटीवर ठेवता येत नाही आणि घरी पाठवायचा खर्च मालकाचा. कागदावर हे सगळं आहे. तरी २०२० मध्ये बंदरं बंद झाली तेव्हा जगभरातले सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही बोटींवरच राहिले. आमच्या वाडीत एका घरी पोराने कॅलेंडरवर रोज फुली मारली होती, आणि फुल्या संपल्यावर ते कॅलेंडर त्याने फाडून टाकलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, मुंबईच्या विमानतळावर उतरल्याचा फोन आला की मग पोरांना सांगा. तोवर "भात कापून झाला की येतील" एवढं पुरे.

टीव्हीवरच्या बातम्याही त्यांच्यासमोर नकोत. २०२३ च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले, तेव्हा इथल्या घराघरांत पोरं "बाबाची बोट जळली का" विचारत होती. तुला धास्ती वाटली तर एजंटला फोन कर, बोट कुठे आहे विचार. तो तुझा हक्क आहे.

गणपतीत पूजा कोण करणार, यावरून तुमच्याकडे वाद झाला, असं मागे म्हणाली होतीस. दीर मुंबईहून येणार असेल तर उत्तम, नसेल तर सोवळं नेसून तू बस, थोरलीला शेजारी बसव. मी केलीय. चार जणी कुजबुजल्या आणि मग मोदक खाऊन गेल्या. सासूबाईंशी मात्र जपून घे. त्यांनीही नवरा नाहीतर मुलगा बोटीवर असतानाचीच वर्षं काढलीत, आणि तो समुद्रावर असला की झोप त्यांचीही उडते. त्यांना एक ठरलेलं काम दे. धाकट्याला तेल लावणं, सकाळी तासभर सांभाळणं. "कधीतरी मदत करा" म्हटलं की ना त्यांना कळत, ना तुला.

आता त्याच्या येण्याचं. जाणं कठीण असतं हे सगळे सांगतात, येण्याचं कुणी सांगत नाही. धाकटा त्याला ओळखणार नाही, कडेवर घेतलं की टाहो फोडेल. ओढून त्याच्याकडे देऊ नकोस. तू शेजारी बस, तो नुसता जवळ लोळू दे, दोन-तीन दिवसांत पोर आपण होऊन त्याच्या मिशा ओढेल. तो चॉकलेटं वाटेल, दहापर्यंत जागवेल, आणि चौथ्या दिवशी एकदम शिस्त लावायला उठेल. भांडणं होतात ती इथे. त्याला त्याच्याच भाषेत सांग: चालू बोटीवर रिलीव्हर म्हणून चढलास की आधी हँडओव्हर, म्हणजे आधीच्या माणसाकडून सगळं समजून, घेतोस ना, पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या वॉच बदलतोस का? मग एक काम पूर्ण त्याच्या हाती सोपव. आंघोळी, समज. साबण डोळ्यांत गेला, पाणी ओटीपर्यंत आलं, तरी तू तिकडे जायचं नाही.

आणि तुझं स्वतःचं. बाळंतपणाला आठ महिने झालेत. दमणूक वेगळी. पण पोरं झोपलेली असतानाही तुला झोप येत नसेल, रोज रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर अंगावर काढू नकोस. डॉक्टरांना सांग, नाहीतर १४४१६ ला फोन कर. टेली-मानस म्हणतात त्याला. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. "नवरा तिकडे कष्ट करतोय आणि मी इथे रडतेय" असं मनात आणू नकोस.

येत्या शनिवारी मी गुहागरला भाचीकडे येतेय. दहाच्या एसटीने उतरेन, तडक तुझ्याकडे येते. धाकट्याला आणि मधल्याला माझ्याकडे सोड, थोरलीला हवं तर सोबत ने आणि ते बँकेचं काम उरकून ये. नॉमिनेशनचा फॉर्मही मागून घे. येताना वाटेत चहा पिऊन ये, घाई करू नकोस. शनिवारी बँक सुरू आहे ना, तेवढं आधी बघ. दुसरा आणि चौथा शनिवार बंद असते.

तुझी,
काकी