सह्याद्रीची माती खरंच बंगालच्या उपसागरात जाते का, आणि किती वेळ लागतो?

हो जाते, पण सगळी एकदम नाही जात. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते तिथून समुद्र १४६५ किमी, आणि मधे हजार ठिकाणी गाळ अडकतो. बारीक चिकणमाती पाण्यात तरंगत जाते, तिला एका मोठ्या पुरातही बराच पल्ला गाठता येतो, पण वाळू आणि गोटे तळाशी घरंगळत जातात, पूर ओसरला की तिथेच बसतात, पुढच्या पुराची वाट बघत (एसटीसारखं, आली तर आली!). काही गाळ तर काठावरच्या मळईत जाऊन बसतो तो हजारो वर्षं हलतच नाही, मग नदीनेच पात्र बदलून तो काठ कापला की परत प्रवास सुरू. त्यामुळे "किती वेळ" ला एक आकडा नाहीच, काही कणांना एक पावसाळा तर काहींना हजारो वर्षं.

आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या खाली उतार संपतो, पाणी मंदावतं, तिथे त्रिभुज प्रदेश झालाय, आणि पुढे समुद्रात कृष्णा-गोदावरी खोऱ्यात कोट्यवधी वर्षांचा गाळ काही किलोमीटर जाडीचा साचलाय, नॅचरल गॅस मिळतो तो त्यातूनच.

आता मात्र धरणांमुळे बराच गाळ वरच अडतो, जायकवाडीचंच बघा ना.