‘लावणे’ची चिठ्ठी कुठे आहे?

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझी 40 शब्दांची यादी पोचली. जुन्या बखरींतले शब्द आहेत, मोबाइलबरोबर आलेले आहेत, दोन तर मी कधी ऐकलेच नव्हते. यातले कोशात कोणते घ्यायचे, असं विचारलं आहेस. त्याआधी मला सांग, ‘लावणे’ची चिठ्ठी, म्हणजे तो शब्द कोणी कसा वापरला याची नोंद, कुठे आहे?

हे मी मनापासून विचारतोय. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशासाठी कितीतरी वाचक पुस्तकं वाचून शब्दांची अवतरणं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवत. संपादक जेम्स मरे यांनी त्या तपासल्या, तर ‘अब्यूजन’ या वापरातून गेलेल्या शब्दाच्या सुमारे 50 चिठ्ठ्या निघाल्या आणि रोजच्या ‘अब्यूज’च्या 5 सुद्धा नाहीत. वाचणाऱ्याची नजर अनोळखी शब्दापाशी अडते, ओळखीचा शब्द तिच्यातून निसटतो. म्हणून 1879 च्या आवाहनात त्यांनी साध्या शब्दांचीही अवतरणं मागितली.

आता आपलं ‘लावणे’ बघ. दिवा लावतो, दार लावतो, कुंकू लावतो, आडनाव लावतो, जीव लावतो. दिवा लावला की सुरू होतो, दार लावलं की बंद. ‘भात लावलाय’ हे पुण्यातल्या स्वयंपाकघरात ऐकलं तर कुकर डोळ्यांपुढे येतो, मावळात भर पावसात ऐकलं तर चिखलातली लावणी. हे अर्थ वेगळे काढायला प्रत्येकाची वाक्यं हवीत, आणि ती तुझ्या डोक्यातून आलेली चालणार नाहीत. आपण रचलेलं वाक्य आपल्याला हव्या त्या अर्थाकडेच वळतं.

तुझ्या यादीतल्या नव्या शब्दांबद्दल. चिठ्ठ्या किती आहेत ते मी नंतर मोजतो, आधी त्या कोणाच्या लिखाणातल्या आहेत ते बघतो. एकाच कादंबरीत शब्द 20 वेळा आला तरी तो एकाच माणसाचा पुरावा. वेगवेगळ्या लोकांनी, काही वर्षांच्या अंतरानं, कंसात अर्थ न देता तो वापरला असेल तर माझं मन वळतं. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त (सात विभाग, 1932 ते 1938) शब्द सापडला म्हणून तो आज चालतोच असं नाही, आणि सापडला नाही म्हणून तो नवा ठरत नाही.

पुरावा नसताना काय होतं, तेही ऐक. अमेरिकेत वेबस्टरच्या 1934 च्या कोशात ‘डॉर्ड’ हा शब्द छापला गेला, अर्थ दिला घनता. मूळ चिठ्ठीत एवढंच होतं की ‘डी’ हे अक्षर, मोठं किंवा लहान, घनतेचा संक्षेप म्हणून वापरतात. ‘किंवा’साठीचा मधला इंग्रजी ‘ऑर’ दोन्ही अक्षरांना चिकटला आणि शब्द तयार झाला. त्याला व्युत्पत्ती नाही हे 1939 मध्ये एका संपादकाच्या ध्यानात आलं. कोणी एक खरंखुरं वाक्य मागितलं असतं तर तो आत आलाच नसता.

जमेल तेव्हा डेक्कन कॉलेजातला संस्कृत कोशाचा विभाग पाहून ये. काम 1948 मध्ये सुरू झालं, सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या जमल्या आणि पहिला भाग 1976 मध्ये निघाला. तिथे उभं राहिलं की घाई आपोआप कमी होते.

संगणकावर लाखो वाक्यं क्षणात मिळतात. त्याचा आधार जरूर घे. पण तिथे भरणा वर्तमानपत्रांचा असेल, तर शिवळ, जू, कासरा असे बैलजोडीच्या सामानाचे शब्द क्वचितच भेटतील. ते शब्द बोलणारी माणसं अजून आहेत, त्यांच्याकडे जावं लागतं. तणच काढायचं, पण कोल्हापूरकडे ती भांगलण, नाशिककडे निंदणी, सोलापूरकडे खुरपणी. एकाच शब्दाला प्रमाण मानून बाकीचे गाळू नकोस.

आणि गाव लिहायला विसरू नकोस. सुरुवातीच्या वर्षांत एसटीत शेजारी बसलेल्या एका बाईंकडून मी ज्वारी कापल्यावर रानात उरणाऱ्या खुंटांसाठी एक सुंदर शब्द ऐकला. चिठ्ठीवर फक्त ‘ऐकले’ असं लिहिलं. गाव नाही, तारीख नाही. तो शब्द मला पुन्हा कुठेच भेटला नाही. तो आजही माझ्याकडे पडून आहे, कोशात गेला नाही. फार वाईट वाटतं.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा ‘लावणे’च्या 30 चिठ्ठ्या आण. प्रत्येकीवर पूर्ण वाक्य, लेखक, वर्ष, पान. ऐकलेलं असेल तर गाव, बोलणाऱ्याचं वय, काम, आणि त्यांना विचारून लिहिलंस का ते. अर्थाची जागा कोरी ठेव, तो आपण एकत्र बसून लिहू.

तुझा,
काका