मेलबर्नला मैदानाच्या कामावर यायचं म्हणताय तर

साताऱ्यात आठ वर्षं खेळपट्ट्या केल्यात, आता बायको-मुलीला घेऊन मेलबर्नला याच कामावर यावं का, असं तुम्ही विचारलंत. व्हिसाचे नियम सरकारी संकेतस्थळावर आहेत, ते मी सांगत बसत नाही. फक्त अनुभवाची पत्रं आत्ताच घेऊन ठेवा. माझ्या जुन्या क्लबनं पगार कायम रोख दिला. सहा वर्षं राबलो, कागदावर उरली दीड. अजूनही आठवलं की जीव जळतो.

काम तेच, पण हंगाम दोन. उन्हाळ्यात क्रिकेट, आणि मार्च-एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत त्याच मैदानावर इथला फुटबॉल, अठरा-अठरा जणांचा, लांबट चेंडूचा. एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, खेळपट्टी बाहेर तयार करून आणून बसवतात. आमच्यासारख्या उपनगरी मैदानावर ती मधोमधच असते. जुलैच्या पावसात तिची काळी चिकणमाती खेळाडूंच्या बुटांना लागून निघून जाते.

आमचा मुख्य क्युरेटर, म्हणजे खेळपट्टी-मैदान राखणारा, साठी उलटलेला. याच क्लबकडून अकरा हिवाळे खेळला. आठवडाभर छापखान्यात नोकरी, शनिवारी सामना. गुडघा गेला, मग रोलरवर बसला. गोलखांबांपुढे तो जिथे पडला, तेवढी जागा अजून स्वतः हातानं बी टाकून भरतो, मला करू देत नाही. मला त्याचा हेवा वाटतो. माझं पडणं-उठणं सगळं तिकडच्या मातीत राहिलं.

एकटेपणा? येतो. कामात विसरतो.

मुलीचं मात्र नीट ऐका. इथे शाळेचं वर्ष जानेवारीअखेर सुरू होतं. आम्ही ऑक्टोबरात आलो. इंग्रजी कच्चं म्हणून तिला एक इयत्ता खाली बसवलं. इंग्रजी चांगलं होतं हो तिचं, बावरून बोलत नव्हती एवढंच. मी शाळेत गेलो, मान डोलावली आणि परत कामावर आलो. नवी नोकरी, रजा मागायची भीती. आता ती एकोणीसची आहे. परवा म्हणाली, "बाबा, तू तेव्हा काहीच बोलला नाहीस." तुम्ही बोला. रजा बुडाली तरी बोला.

आणि गवताची काळजी नको. इथे ज्याला काऊच म्हणतात ती आपलीच हरळी. थंडीत पिवळी पडते, म्हणून वरून रायग्रास हे थंडीतलं गवत पेरतात. गणपतीच्या सुमाराला क्लबघराच्या उत्तरेकडच्या, उन्हाच्या भिंतीशी तिला पहिले हिरवे कोंब येतात. भिंतीकडेनं तणनाशक मारताना म्हातारा तेवढा तुकडा सोडतो. पहिल्या वर्षी मी दुर्वांसाठी त्याला विचारलं होतं. नंतर कधी विचारावं लागलं नाही.