वॉर्डातले तास मोबाईलवर भरत नाहीत

प्रश्न : मॅडम, मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेली नर्स आहे. रजिस्ट्रेशन झालेलं आहे. सांगलीत एका खासगी हॉस्पिटलात सहा वर्षं स्टाफ नर्स म्हणून काम करते. सासर तासगाव तालुक्यात, घरची द्राक्षबाग, मुलगी चार वर्षांची. आता डिग्री करायची इच्छा आहे. ओळखीतला एक जण म्हणतो, 'परराज्यातल्या कॉलेजात ब्लेंडेड लर्निंगने बी.एस्सी. नर्सिंग होतं, सगळं घरबसल्या, फक्त परीक्षेला जायचं.' निम्मे पैसे तो आधी मागतो. भरू का? आणि नाइट करून आल्यावर पुस्तक उघडलं की डोळे मिटतात, त्याचं काय करू?
– एक सिस्टर, तासगाव तालुका

उत्तर : सिस्टर, पैसे भरू नका. तुमचं पत्र वाचल्यावर हेच आधी सांगावंसं वाटलं. डिग्रीची इच्छा मात्र मनातून काढू नका.

ब्लेंडेड लर्निंग म्हणजे थिअरीचा काही भाग घरी, व्हिडिओ, ऑनलाइन लेक्चर आणि वाचनातून करायचा, आणि हाताने करायचं काम स्किल लॅबमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खोलीत, आणि वॉर्डात प्रत्यक्ष उभं राहून करायचं. ही पद्धत चांगली आहे. फिजिऑलॉजीतला अवघड भाग वर्गात एकदाच ऐकण्यापेक्षा व्हिडिओ थांबवून चारदा ऐकला तर जास्त समजतो, हे मी विद्यार्थिनींच्या बाबतीत पाहिलेलं आहे. पण या पद्धतीतला दुसरा भाग काढून टाकला की जे उरतं, त्याला नर्सिंगचं शिक्षण म्हणता येत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम आणला. सेमिस्टर वीस आठवड्यांचं. क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप. थिअरीच्या एका क्रेडिटला आठवड्याला एक तास, स्किल लॅबच्या एका क्रेडिटला दोन तास आणि क्लिनिकलच्या, म्हणजे वॉर्डातल्या कामाच्या, एका क्रेडिटला चार तास. म्हणजे क्लिनिकलचं एक क्रेडिट मिळवायला पेशंटजवळ ऐंशी तास घालवावे लागतात. थिअरीची हजेरी ८० टक्के चालते, पण डिग्री हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के पूर्ण करावी लागते. बुडालेली ड्यूटी भरून द्यावी लागते. आता सांगा, 'फक्त परीक्षेला या' म्हणणारा माणूस हे तास कुठून आणणार? कागदावरच ना!

हा नियम एवढा कडक का, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, तरी एक उदाहरण देते. ५०० मिली आरएल, म्हणजे एक प्रकारचं सलाईन, चार तासांत द्यायचं आहे, सेट वीस थेंबांना एक मिली होणारा आहे. पाचशे गुणिले वीस, भागिले दोनशे चाळीस मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. एवढं गणित मोबाईलवरून कुणीही शिकेल. पण रोलर सरकवत, घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवून ते ४२ थेंब बसवायचे, तेवढ्यात पेशंटने कोपर दुमडलं की धार मंदावते, नातेवाईक स्टँड खाली घेतात, सुईच्या जागी सूज दिसायला लागते, आणि शेजारच्या कॉटवरचं बाळ मायक्रोड्रिपवर असतं, जिथे साठ थेंबांना एक मिली होतो. तिथे चुकून मोठ्या सेटचा हिशेब लावला तर काय होईल? हे भान वॉर्डात, कुणीतरी जाणतं शेजारी उभं असतानाच येतं. उद्या डिग्रीच्या जोरावर तुम्ही इन्चार्ज व्हाल आणि नवीन मुली तुमच्याकडे बघून शिकतील.

त्या माणसाला विचारा की क्लिनिकल कोणत्या हॉस्पिटलात, किती खाटांच्या, कुणाच्या देखरेखीखाली आणि कोणत्या तारखांना. मग कॉलेजचं नाव परिषदेच्या वेबसाइटवर आणि त्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का, ते स्वतः बघा. त्याने मोबाईलवर पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. डिग्री झाल्यावर अतिरिक्त पात्रतेची नोंद तुम्हाला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडेच करायची आहे. तिथे ती मान्य झाली नाही तर पैसेही गेले आणि वर्षंही.

तुमच्यासाठी सरळ रस्ते दोन आहेत. एक, दोन वर्षांचं नियमित पोस्ट बेसिक, म्हणजे जीएनएमनंतरचं, बी.एस्सी. नर्सिंग. सांगली-मिरज आणि कऱ्हाड भागात नर्सिंग कॉलेजं आहेत, घरून जाऊन-येऊन करता येईल, पण नोकरी सोडावी लागेल किंवा रजा मिळवावी लागेल. दुसरा इग्नूचा, म्हणजे दूरशिक्षण देणाऱ्या केंद्रीय मुक्त विद्यापीठाचा, पोस्ट बेसिक कोर्स. तो नोकरी करणाऱ्या नर्सेससाठीच आहे. प्रवेश परीक्षा असते, कमीत कमी तीन वर्षं लागतात, तुमचा सहा वर्षांचा अनुभव अटीला पुरतो. थिअरी पुस्तकांवरून घरी करायची, पण प्रॅक्टिकलला ठरलेल्या अभ्यासकेंद्रावर जावंच लागतं. ते केंद्र तुम्हाला कुठे मिळेल, हे फॉर्म भरण्याआधी विचारा. तिथपर्यंतची एसटी, मुक्काम आणि मुलीला कोण सांभाळणार याचा हिशेब त्या दिवशीच मांडा. कोर्स अर्धवट सोडलेल्या ज्या सिस्टर मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींना अभ्यास जड गेला नव्हता, प्रॅक्टिकलच्या तारखांना ड्यूटीतून सुट्टी मिळाली नव्हती. म्हणून मेट्रनना आधीच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी 'बघू, करू' वर विसंबू नका.

आता झोपेचं. नाइट करून आल्यावर अभ्यास करूच नका. झोपा. डोळे मिटतात त्यात तुमचा आळस नाही, शरीर त्याचं काम करतं आहे. इव्हिनिंग ड्यूटी असेल त्या आठवड्यात सकाळी मुलगी अंगणवाडीत गेली की दीड तास पक्का धरा, तो स्वयंपाकघराला देऊ नका. व्हिडिओ हॉस्पिटलच्या वाय-फायवर आधी उतरवून ठेवा, गावातल्या रेंजच्या भरवशावर राहू नका.

इंग्रजीची भीती पत्रात तुम्ही लिहिलेली नाही, पण ती असते. पेपर इंग्रजीत असतात. त्यावर मी माझ्या विद्यार्थिनींना एकच काम लावते : रोजच्या ड्यूटीतला एक पेशंट घ्यायचा आणि त्याचा केअर प्लॅन, म्हणजे त्याची काय काळजी घ्यायची ते, वहीत इंग्रजीत लिहायचा. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला तरुण असेल तर 'अ‍ॅक्यूट पेन रिलेटेड टु सर्जिकल इन्सिजन' इथून सुरुवात करा, मग तुम्ही काय केलंत आणि दोन तासांनी दुखणं किती उतरलं ते लिहा. स्पेलिंग चुकू द्या. पेशंटचं नाव मात्र वहीत लिहू नका. काम तुम्ही रोज करताच, लिहिण्याची सवय तेवढी लागेल.

आणि घरी स्पष्ट बोला. इग्नूच्या परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असतात. ऑक्टोबर छाटणीनंतर डिसेंबरात बागेची काय धांदल असते, ते तासगावात कुणाला सांगायला नको. परीक्षेचा पंधरवडा बागेच्या कामातून तुम्हाला मोकळा हवा, हे नवऱ्याला आणि सासूबाईंना आजच सांगा, ऐन वेळी नको. ही डिग्री झाली की एम.एस्सी. नर्सिंगची आणि पुढे शिकवण्याची वाट उघडते, हेही सांगा. घरच्यांना कळलं की बहुतेक घरं साथ देतात.

प्रश्न : मी साताऱ्यात बारावी सायन्सला आहे. पप्पा म्हणतात, ऑनलाइन बी.एस्सी. नर्सिंग कर, होस्टेलचा खर्च वाचेल. असं होतं का?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : नाही बाळा, होत नाही. बारावीनंतरचं बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, आठ सेमिस्टरचं आणि कॉलेजात जाऊनच करायचं असतं. तुझं अजून नर्सिंगचं मूळ शिक्षणच झालेलं नाही, त्यामुळे वरच्या पत्रातल्या सिस्टरांना जी मोकळीक आहे ती तुला नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी नीट कर, सीईटीचा फॉर्म वेळेत भर. पप्पांची खर्चाची काळजी रास्त आहे. त्यांना सांग, २०२४-२५ पासून राज्य सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं आहे. उत्पन्नाचा दाखला आत्ताच तहसीलमधून काढायला टाका, निकालानंतर तिथे रांग लागते.

प्रश्न : माझी मुलगी मिरजेत बी.एस्सी. नर्सिंग होऊन दोन वर्षं नोकरी करते. इंग्लंडमध्ये नर्सिंगची डिग्री ब्लेंडेड पद्धतीने होते असं ऐकलं. इथूनच करता येईल का?
– एक पालक, मिरज

उत्तर : तिथे २०२१ पासून असे कोर्स सुरू आहेत हे खरं. पण तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या नियमाने एकूण ४,६०० तासांपैकी निम्मे, म्हणजे २,३०० तास, प्रत्यक्ष कामाचे असतात. त्यातले जास्तीत जास्त ६०० सिम्युलेशनमध्ये, म्हणजे पुतळ्यांवर आणि बनावट प्रसंगांत, करता येतात, बाकीचे तिथल्याच हॉस्पिटलांत आणि वस्त्यांमध्ये. तेव्हा मिरजेत बसून ती डिग्री होणार नाही.

आणि तुमच्या मुलीला तिची गरजही नाही, ती आधीच रजिस्टर्ड नर्स आहे. तिने आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा द्यावी, मग नर्सिंगच्या ज्ञानाची कॉम्प्युटरवरची परीक्षा, म्हणजे सीबीटी, आणि शेवटी तिकडे जाऊन ऑस्की, म्हणजे एकेका टेबलावर प्रत्यक्ष करून दाखवायची परीक्षा. आत्ताच्या नोकरीतलं अनुभवाचं पत्र आणि रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण एवढं तिने आजपासून नीट जपून ठेवावं.